वर काही नव्हतं, असं मी सांगितलं

माझी बायको साखरखेर्ड्याकडची. माहेर माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याची शेती करणारं. कांद्याचं बी, वांगी, मेथी, थोडी मिरची. ती नऊ-दहा वर्षांची असताना एकदा फाल्गुनात गारपीट झाली. पंधरा मिनिटं पडली असेल. गारा थांबल्यावर घरचे सगळे मळ्याकडे पळाले आणि ही त्यांच्या मागोमाग. बांधावर उभं राहून पाहिलं तर मळा पांढराशुभ्र. विहिरीची कड, पायवाट, कांद्याचे मोडलेले गोंडे, सगळं एका रंगाचं झालेलं. हिच्या तोंडून निघून गेलं, "आई, किती छान दिसतंय!" आईनं तिथंच तिच्या थोबाडीत मारली. नंतर आई बांधावर बसून रडली आणि मग हिलाच जवळ घेऊन रडली.

हे तिनं मला लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी सांगितलं. सांगताना हसत होती. शेवटी म्हणाली, "मले एकदा असं पांढरं रान पाह्यचं हाय, ज्याच्यात कोनाचं काही गेलं नसंन."

मी जळगाव जामोदला एका शाळेत कारकून होतो, पुढे मुख्य लिपिक झालो. तिची ही मागणी मी बत्तीस वर्षं ऐकली. ती कधी हट्ट करत नसे. टीव्हीवर बातम्यांत बर्फ दिसला की हातातलं काम ठेवून बघायची आणि म्हणायची, "हे काश्मीर का हिमाचल?" मी म्हणायचो, "बर्फ सगळीकडे सारखाच. फ्रीज उघड आन् पाहून घे." ते मला विनोदी वाटायचं. मुलीचं शिक्षण, मुलीचं लग्न, आईचं आजारपण, शाळेची तपासणी, कारणांना तोटा नव्हता. खरं कारण एवढंच होतं की मला घराबाहेर झोप लागत नाही आणि नवीन जागी गेलं की माझं पोट बिघडतं.

निवृत्त झालो तेव्हा मुलगी पुण्याहून आली आणि म्हणाली, "बाबा, आता आईला बर्फ दाखवा." ती आईसमोरच बोलली, त्यामुळे पळवाट उरली नाही. बायको म्हणाली, "जानेवारीत जाऊ. तवाच खरा असते म्हणतात." मी म्हणालो, "जानेवारीत तुले इथली थंडी सोसत नाही, तिथली काय सोसशील? मे महिन्यात जाऊ." ती म्हणाली, "मे मंदी बर्फ राहीन का?" मी यात्रा नेणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, गुलमर्गला बारमाही बर्फ. लोक स्कीइंग करून राह्यले तिथं मे महिन्यात." मी फोन ठेवून तिला तेच सांगितलं. खरं तर मला कडाक्याच्या थंडीत जायचं नव्हतं, म्हणून मे ठरला.

त्या उन्हाळ्यात तिला जिना चढताना दम लागायचा. गच्चीवर पापड घालायला गेली की मधल्या पायरीवर थांबायची. मी विचारलं तर म्हणायची, "वय झालं आता, तुमाले नाई का लागत?" मलाही लागायचा. मी पुढं काही विचारलं नाही.

आम्ही तीस-एकतीस जण होतो. बहुतेक निवृत्त मास्तर-मास्तरणी, दोन भटजी, दोन दुकानदार आणि त्यांच्या बायका. आमच्याच शाळेतल्या एक निवृत्त बाई होत्या. हिंदी शिकवायच्या, एकट्या राहायच्या, आणि प्रवासभर त्यांच्या हातात मोबाइल उभा धरलेला असे. भुसावळहून जम्मूची गाडी, पुढे बस. बायको खिडकीशी बसली होती. चिनाराचं झाड, नदी, मेंढ्या, सगळं मला कोपरानं ढोसून दाखवत होती. आमच्या संसारात ती एवढं बोललेली मला आठवत नाही.

गुलमर्गला पोचलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील. खालीच टांगमर्गला भाड्यानं जाड कोट आणि गमबूट घालायला लावले होते. त्या बुटांत आधीच्या कुणाच्या तरी पायांचा ओलावा होता. बस थांबली, आम्ही उतरलो आणि पाहिलं तर बर्फ नव्हताच. मोठं हिरवट-तपकिरी मैदान, घोड्यांच्या लिदीचा चिखल, घोडेवाल्यांची ओढाओढ, मक्याची कणसं भाजणारे. एका हॉटेलच्या मागे सावलीत काळपट, मातकट ढीग पडला होता. आमच्यातला एक दुकानदार म्हणाला, "हाच का बर्फ? आपल्या बाजारातल्या मासेवाल्याकडं याच्यापेक्षा जास्त असते!" सगळे हसले. बायको हसली नाही. ती वर बघत होती. डोंगराच्या माथ्यावर, फार उंच, पांढरा पट्टा चमकत होता.

"वर हाय," ती म्हणाली. "पाळण्यात बसून जा लागते."

तारेवरच्या पाळण्याच्या रांगेत जायला थोडा चढ होता. शंभर पावलंही नसतील. ती वीस पावलांवर थांबली. पुन्हा दहा पावलांवर थांबली. तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे दिसू लागले, तेव्हा मी घाबरलो. तिथल्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाई होती. बोटाला चिमटा लावला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग मला हिंदीत विचारलं, "इनके दिल की जाँच कब कराई थी?" तपासणी कधीच केली नव्हती. ती म्हणाली, वर अजिबात नेऊ नका. इथंही फार वेळ थांबू नका. घरी गेल्यावर लगेच मोठ्या डॉक्टरला दाखवा.

बस दुपारपर्यंत खाली जाणार नव्हती. दवाखान्याजवळ एक चहाची टपरी होती, तिच्या बाकावर आम्ही बसलो. मी म्हणालो, "आपण दोघंही इथंच बसू. मले तर तसंही काही हौस नाही."

तिनं पाळण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी जा."

"तुले सोडून?"

"मी कुठं पळून चालली? एकानं तरी पाहा ना. इतक्या दूर आलो. तुमी जा, चांगलं डोळे भरून पाहा, आन् मले येऊन सांगा. सगळं सांगा. घाई करू नका."

हिंदीच्या बाई तिथंच उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, "चला सर, वहिनी म्हणतात तर." आमच्यातल्या एका भटजींच्या पत्नीचे गुडघे दुखत होते, त्या हिच्याजवळ बसायला तयार झाल्या. मी गेलो.

पाळणा सुरू झाला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. तिचा कोट लाल होता, त्यामुळे ती बराच वेळ दिसत राहिली. देवदारांच्या शेंड्यांवरून आम्ही जात होतो. मधल्या टप्प्यावर उतरून दुसऱ्या पाळण्यात बसलो. झाडं संपली, मग गवत संपलं, मग खडक. दार उघडलं आणि पायाखाली बर्फ आला.

खरं सांगतो, मी तयार नव्हतो. बत्तीस वर्षं ज्याची मी थट्टा केली ते समोर होतं. नजर जाईल तिथपर्यंत उतार, आणि त्या उतारावर ऊन असं पडलेलं की डोळे उघडेनात. खळग्यांमध्ये बर्फ निळा दिसत होता. दूरवर दोन-तीन जण पायांना पट्ट्या लावून नागमोडी खाली घसरत येत होते. त्यांच्या मागे पांढरा भुगा उडत होता. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

तिथं पट्ट्या लावून देणारे शिकवणारे होते. थंडीनं गाल तडकलेला, माझ्याहून थोडा लहान असा एक जण मागे लागला, "चाचा, एक बार." मी नको म्हणत होतो, बाई आग्रह करत होत्या. शेवटी लावल्या. तो मला धरून म्हणाला, "घुटना मोड़ो, आगे देखो, नीचे मत देखो." आणि त्यानं हात सोडला. मी गेलो. आठ-दहा हात गेलो असेन. वारा कानाला लागला. शाळेच्या कचेरीत छत्तीस वर्षं बसलेला माणूस मी, आणि माझे पाय मला न विचारता चालले होते. मग तोल गेला आणि बदकन बसलो. बसलो तो हसायलाच लागलो. हसणं थांबेना. डोळ्यांत पाणी आलं, पोट दुखायला लागलं, तो शिकवणाराही हसू लागला.

उठलो आणि पहिला विचार आला तो तिचा. खाली मैदान बशीएवढं दिसत होतं. त्यात माणूस दिसणं शक्य नव्हतं. एकाएकी मला फार लाज वाटली. मी मे महिना म्हणालो नसतो, जानेवारीत आलो असतो, तर हा बर्फ खाली मैदानातच असता. तिला एक पाऊलही चढायची गरज नव्हती. बसमधून उतरली असती आणि बर्फातच उभी राहिली असती.

उतरताना पाळण्यात मी ठरवलं की तिला सांगायचं, वर काही नव्हतं.

ती बाकावरच होती. गुडघ्यांवर हात ठेवून पाळण्याच्या दिशेनं बघत. मला पाहून उभी राहिली. "कसं हाय? सांगा ना."

मी म्हणालो, "काही नाही गं. उगाच नाव करून ठेवलं लोकायनं. गर्दी, चिखल, धक्काबुक्की. बर्फ म्हणजे फ्रीजमधून खरवडून टाकल्यासारखा. इतकं वर जायच्या लायकीचं काहीच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पॅन्ट ओली काऊन झाली?"

"घसरून पडलो."

"लागलं का?"

"नाही."

"बरं झालं मंग," ती म्हणाली. "मी नाई आली ते." आणि खाली बसली. मला वाटलं, तिचं ओझं उतरलं. मी स्वतःला शहाणा समजलो.

घरी आल्यावर अकोल्याला दाखवलं. हृदयाची झडप लहानपणापासूनच खराब असावी, असं डॉक्टर म्हणाले. आता ऑपरेशन झेपण्यापलीकडे गेलं होतं. गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं, जिना बंद झाला. गल्लीतल्या बाया भेटायला येत आणि विचारत, "काश्मीर कसं हाय वो?" ती सांगायची, "आमचे हे वर जाऊन आले. काही नाई म्हणे तिथं. लोकं उगाच जातात." माझेच शब्द. मी आतल्या खोलीतून ऐकायचो. पुढे पुढे कुणी मला विचारलं तरी मीही तेच सांगू लागलो, आणि सांगता सांगता तेच खरं वाटायला लागलं.

गौरी-गणपतीच्या आसपास त्या हिंदीच्या बाई तिला बघायला आल्या. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होतो. बाहेरून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. मोठ्यानं, थांबता न थांबणारं. हा कोण हसतोय म्हणून मी कान दिला आणि दुसऱ्याच क्षणी ओळखलं की तो मी आहे.

बाहेर आलो. बायकोच्या हातात बाईंचा मोबाइल होता. बाई कौतुकानं सांगत होत्या, "बघा वहिनी, सरांना असं हसताना शाळेत कधी कुणी पाहिलं नाही." तिनं तो बर्फावरचा व्हिडिओ संपेपर्यंत पाहिला. मग बाईंना म्हणाली, "पुन्हा लावा." पुन्हा पाहिला. माझ्याकडे वर पाहिलं नाही. बाईंनी चहा घेतला आणि त्या गेल्या. त्यांचा काही दोष नव्हता. मी काय सांगितलं होतं ते त्यांना कुठं माहीत?

संध्याकाळी ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी समोर खुर्चीवर. 

"मी तुमाले वर कायले धाडलं होतं?" ती म्हणाली.

"तुले वाईट वाटलं असतं म्हणून मी..."

"वाईट मले तिथं बाकावर बसल्या बसल्याच वाटलं. रडून बी घेतलं. त्या भटजीच्या बायकोले विचारा. रडून झालं, मंग मी वाट पाहून राह्यली होती का तुमी याल आन् सांगाल. तेवढंच माह्या वाट्याचं होतं. तुमी ते बी देलं नाई."



"आन् हासले बी तुमी. तीस वर्षांत माह्यासमोर कधी असे हासले नाई. ते तरी सांगायचं."

ती भांडली नाही. आवाज चढवला नाही. शेंगा मोडून झाल्यावर सूप आत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "सांगू का तुले?" ती म्हणाली, "सांगा." मी सांगू लागलो. उतार होता, पांढरं होतं, ऊन होतं. ती विचारायची, "पाय ठेवला का आवाज होते का?" मला आठवेना. "गारेवानी कडक असते का पिठावानी?" मी म्हणालो, पिठासारखा. "मंग तुमी घसरले कसे? पिठावर कोनी घसरते का?"  चार महिने मी सगळ्यांना काही नव्हतं, काही नव्हतं म्हणत आलो होतो. आता सांगायला बसलो तर हाताला काही लागत नव्हतं. मग मी रचून सांगू लागलो. टीव्हीवर पाहिलेलं, कुठं वाचलेलं. ती ऐकून घ्यायची आणि थोड्या वेळानं म्हणायची, "हे टीव्हीतलं हाय." तिला बरोबर कळायचं. असे सात-आठ दिवस गेले. मग तिनं विचारणं सोडलं.

दिवाळीच्या आधी तिला अकोल्याला भरती करावं लागलं. पायांवर सूज, छातीत पाणी. मुलगी आली होती. एका दुपारी मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. मी पलंगाजवळ बसलो होतो. खिडकीच्या गजावर एक कावळा येऊन बसला, आणि मला एकदम आठवलं.

मी म्हणालो, "ऐक ना. तिथं वर एक पाखरू होतं."

तिनं डोळे उघडले.

"कावळ्यासारखं. काळंभोर. पण चोच पिवळी, आन् पाय लाल. बर्फावर उतरलं आन् चालत गेलं. आपल्यासारखं धसत नव्हतं. त्या शिकवणाऱ्यानं पोळीचा तुकडा टाकला तर उचलून नेला, पण खाल्ला नाही. बर्फ उकरला, त्याच्यात पुरला आन् उडून गेलं."

तिनं तोंडावरचा मास्क थोडा बाजूला केला. "पिवळी चोच?"

"पिवळी. हळदीवानी."

"पुरून ठेवला?"

"हो. मी सोता पाह्यलं."

ती बराच वेळ छताकडे पाहत होती. मग म्हणाली, "हे खरं हाय." आणि माझ्या हातावर हात ठेवला. मी मास्क नीट बसवला. त्यानंतर आणखी काय काय आठवतं ते शोधत मी तिच्याजवळ बसून राहिलो, पण दुसरं काही हाती लागलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या कापड दुकानदारानं मला विचारलं, "सर, गुलमर्गची हवा लई आहे. खरंच जाण्यासारखं आहे का नुसतं नाव मोठं?" तेव्हा मी त्याला सगळं नीट सांगितलं. मेमध्ये गेलास तर खाली चिखल आहे आणि घोडेवाले जगू देत नाहीत. ओले बूट मिळतात. माथ्यावर गेल्याशिवाय काही दिसत नाही आणि माथ्यावर दम लागतो. बर्फ पाहायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, तेव्हा तो खालीच असतो. जायच्या आधी दोघांनीही छाती तपासून घ्या. "आणि दोघं जा," मी म्हणालो. "एक वर, एक खाली, असं करू नका."

ते फेब्रुवारीत गेले. परत आल्यावर अक्रोड द्यायला दोघंही घरी आले. मी विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, "काही खास नाही सर. दोन दिवस पाळणा बंद होता वाऱ्यानं. बोटं गारठली. पैसे गेले." त्याची बायको म्हणाली, "काऊन खोटं बोलता? तुमी तर बर्फात लोळून राह्यले होते!" तो म्हणाला, "लोळलो नाही, पडलो." ती म्हणाली, "एकदा पडले, मंग तीनदा मुद्दाम पडले." तो म्हणाला, "तुले काय माहीत, तू तर रडत होती थंडीनं." दोघंही माझ्या घरात बसून दहा मिनिटं भांडली. एक म्हणे काही नव्हतं, दुसरी म्हणे सगळं होतं.

मी त्यांना चहा करतो म्हणून आत गेलो. दूध गॅसवर ठेवलं. बाहेर त्यांचं चालूच होतं, आता हॉटेलच्या रजया जाड होत्या की पातळ यावर. मी ओट्याला धरून उभा राहिलो. दूध उतू जाईपर्यंत मला बाहेर जाता आलं नाही.